भंडारा मागे राहिला

अंकुश सदा झोपतो, ही तृप्तीची तक्रार होती. आणि तृप्ती मुद्दाम भांडी आपटते, ही अंकुशची. आता चिखल्याच्या खाणीत रातपाळी करणारा माणूस दिवसा झोपणारच, आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरात भांडी घासली की वाजणारच. पण एवढ्यावरून प्रकरण भंडाऱ्याच्या कोर्टात गेलं. तृप्ती नाकाडोंगरीला माहेरी जाऊन राहिली. लग्नापासून ज्यांचं कशावरच जमलं नव्हतं, त्या दोघांचं घटस्फोटावर मात्र चटकन एकमत झालं. अडलं होतं ते लेकीपाशी, प्रतिक्षापाशी. ती कोणाजवळ राहणार, हे कोर्टातले साहेब आज तिलाच विचारणार होते. त्या धास्तीने पोरीचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

भंडाऱ्यावरून पुढे पवनीला जाणारी सकाळची एसटी नाकाडोंगरीहूनच भरून निघाली. चिखल्याच्या फाट्यावर अंकुश चढला, खाणीतून थेट, तारवटलेल्या डोळ्यांनी.

"बाबा, इकडं! तुमच्यासाठी रुमाल टाकून ठेवला मी!"

तृप्तीने तोंड खिडकीकडे फिरवलं. पण दुसरी जागाच नव्हती. बाहेर मोहफुलांचा गोड वास सुटला होता, ऊन कोवळं होतं आणि गाडी पाळण्यासारखी डुलत होती. तुमसर यायच्या आत प्रतिक्षाचं डोकं आईच्या मांडीवर आणि पाय बापाच्या मांडीवर गेले.

भंडारा आला.

"उठव तिले," अंकुश कुजबुजला.

"तुम्हीच उठवा."

"झोपलेल्या मानसाले उठवाची सवय तुले हाये."

"मले काहून सांगता? कशी निजली पाहा ना."

"भंडारा! कोर्टवाले उतरा!" कंडक्टर ओरडला. दोघांनी त्याच्याकडे असे डोळे वटारले की बिचाऱ्याने घंटीची दोरीसुद्धा हळूच ओढली.

"समोरच्या स्टॉपवर उतरू," अंकुश म्हणाला. पुढचा स्टॉप आला आणि गेला. दोघांचे मिळून एकच वकील असलेल्या भैय्याजींचा फोन अंकुशच्या खिशात थरथरत राहिला, पण खिशावर पोरीचा पाय होता. मग तृप्तीचा थरथरू लागला. तो पिशवीत होता आणि पिशवी पोरीच्या उशाला. दोघं पुतळ्यासारखी बसून राहिली. कितीतरी दिवसांनी दोघांना बरं वाटत होतं, पण सांगणार कोण?

पवनीला प्रतिक्षा डोळे चोळत उठली.

"साहेबानं सपनात विचारलं मले."

"मंग? काय म्हटलं तू?" दोघांनी एकदमच विचारलं.

"म्हटलं, मले दोघायच्या मधातली सीट पायजे."

तृप्तीला रडू आलं. अंकुशने उगाच चपलेचा पट्टा लावला आणि पुन्हा वाजणारा फोन उचलला.

"अरे, दोघंबी गायब?" भैय्याजी कडाडले. "कोनाच्या मर्जीनं?"

"दोघायच्या."

"दुपारी पुन्हा पुकारा होनार हाये. परतीच्या गाडीनं गुमान भंडाऱ्याले उतरा!"

परतीच्या गाडीत तिघं तशीच बसली. या खेपेला प्रतिक्षा टक्क जागी होती. अंकुशला मात्र बसल्याबसल्या डुलकी लागली, आणि त्याचं डोकं घसरत घसरत पोरीवरून थेट तृप्तीच्या खांद्यावर येऊन टेकलं.

कंडक्टर सकाळचाच होता. "भंडारा! कोर्टवाले, आता तरी उतरा!"

तृप्तीने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना भाऊ. रातपाळीहून आले हायेत ते."