विसोपंतांचे परसातील बुलबुल आणि भारद्वाजाचा शकुन

श्रीकुलस्वामिनी समर्थ. शके सोळाशे बहात्तर, प्रमोदनाम संवत्सरी, चैत्र-वैशाखाचे सुमारास एका संस्थानी जे वर्तमान जाहले, ते ऐकिल्याप्रमाणे लिहितो. संस्थानाचे नाव लिहीत नाही, कारण त्या घरची माणसे हयात आहेत आणि त्यांनी आधीच पुष्कळ सोसले आहे.

त्या दौलतीचे कारभारी विसोपंत म्हणोन थोर मुत्सद्दी होते. उमर मोहिमांत गेली, तह केले, घोड्याचे दात पाहोन वय सांगत आणि वकिलाचे डोळे पाहोन लबाडी सांगत. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि महाराजांनी शालजोडी देऊन घरी बसविले. घरी बसले तो घर उदास. एकुलती लेक वेणूबाई माहेरी आलेली. तिचा तान्हा देवीचे साथीत गेला, आणि सासरच्यांनी "काही दिवस बापाकडे राहो" म्हणोन धाडिली, ती आल्यापासोन तोंडातून ब्र काढीना. वैद्य जाहले, अंगारे जाहले, आणि पंतांनी हात टेकले. शत्रूच्या वकिलांस ज्याने बोलते केले, त्याची पोटची पोर त्याच्याशी बोलेना, हे दुःख सांगावे कोणास?

ऐसे असता एके सकाळी पंत परसात दात घाशीत बसले होते आणि वेणूबाई विहिरीपाशी उभ्या होत्या, तो मेंदीचे कुंपणातून एक पाखरू भुर्रकन निघाले, आणि बाई आपण होऊन बोलिल्या, "आबा, हा काळ्या तुऱ्याचा कोण हो?" पंतांचे हातची राखुंडी गळाली. आनंद जाहला, आणि लागलीच शरमही वाटली, कारण उत्तर ठाऊक नव्हते. मुलूख पालथा घातला आणि दारचे पाखरू ओळखीचे नाही! मग चौकशी केली, तो कळले की हा बुलबुल, शेपटीखाली लाल डाग असतो तोच, आणि कुंपणात त्याचे वाटीएवढे घरटे आहे. मग दोघां बापलेकींस नादच लागला. दयाळ पहाटे कौलांवर बसोन गातो तो ऐकावा, तांबट पिंपळात लपोन टुक टुक करितो तो हुडकावा, सातभाई पाचोळ्यात भांडत येतात त्यांजवर हसावे, ऐसा क्रम पडला. पंतांनी मसलतीची माणसे परत लावावी आणि बुलबुल किडा घेऊन कोण्या वाटेने येतो हे पाहत बसावे. लोक म्हणो लागले, पंतांस म्हातारचळ लागला. पंत म्हणाले, "लागो. पोर बोलते आहे." आणि घरट्यात पिल्ले निघाली त्या दिवशी वेणूबाई पोटभर जेविल्या, ते पाहोन पंत देवघरात जाऊन रडले.

मग एके दिवशी परसाचे गडग्यावर, दगडी बांधावर, भारद्वाज आला. अंग काळे, पंख तांब्याचे, डोळे लाल, चाल सरदाराची. त्याचे दर्शन शुभ, हे या मुलखी लहान पोरासही ठाऊक. घरचे उपाध्ये धुंडिभट हात जोडोन म्हणाले, "पंत, उत्तम शकुन. मुलीस सासरचे बोलावणे येणार. यास कोणी हाकलू नये." मग पंतांनी गड्यांस ताकीद दिली की भारद्वाजास कोणी खडा मारील तर गाठ माझ्याशी आहे, आणि रोज सकाळी घरच्यांनी ओळीने उभे राहोन दर्शन घ्यावे, ऐसा प्रघात पाडिला. बुलबुल तेव्हा किर्र ओरडत, कुंपणावर तडफडत. पंत म्हणाले, "पाहा, पाखरेसुद्धा स्वागत करितात." मोठी माणसे चुकतात तीही मोठेपणाने चुकतात.

वेणूबाई मात्र म्हणाल्या, "आबा, हे स्वागत नव्हे. तो आला की त्यांचा जीव खालीवर होतो. आणि तो आपल्याकडे पाहतच नाही, कुंपणाकडे पाहतो. हाकला त्याला."

पंत म्हणाले, "पोरी, तू दुःखाने भ्याली आहेस. शुभाला नको म्हणू नये."

दुसरे दिवशी भारद्वाज गडग्यावरून उतरला आणि मेंदीकडे चालला. वेणूबाईंनी टाळी वाजवावयास हात उचलिले, तो पंतांनी ते दोन्ही हात आपल्या हातांत धरिले आणि नमस्कारास जोडविले. मोठ्या मायेने धरिले, हेही लिहिले पाहिजे. मग तो कुंपणात शिरला, बुलबुल त्याच्या डोक्यावर तुटोन पडले, आणि तो निघाला तेव्हा चोचीत पिल्लू होते. मग पुन्हा शिरला. पंत गुडघ्यांचे भान न राहोन कुंपणाकडे धावले, परंतु घरटे रिकामे. बुलबुल चोचीत किडा घेऊन तेथेच बसले होते.

वेणूबाई म्हणाल्या, "आबा, मी सांगत होते." रागाने म्हणाल्या नाहीत. आणि आत गेल्या, आणि पुन्हा त्या घरात एक अक्षर बोलिल्या नाहीत. पंतांनी पायांशी बसोन म्हटले, "वेणू, मला शिव्या दे, पण बोल." बाईंनी त्यांचे डोईवरची पगडी नीट केली, इतकेच. मग पंधरवड्यात सासरची पालखी आली, आणि धुंडिभट आनंदाने म्हणाले, "सांगितले होते की नाही?" महाराजांनीही शकुन फळला म्हणोन पेढे धाडिले. बाई पालखीत बसल्या, पडदा सोडिला. पंत वेशीपर्यंत लंगडत गेले, कान पडद्यास लावून चालिले. आतून काही ऐकू आले नाही.

तात्पर्य, विसोपंतांनी पुढे परसातली यच्चयावत पाखरे ओळखिली, आवाजावरून सांगत. आणि भारद्वाजावरही राग धरिला नाही, म्हणत, त्याने आपल्या पोरांसाठी नेले. राग धरिला तो आपल्या दोन हातांवर, तो मरेतो सुटला नाही. इति.