कोण ओरडतंय ते बघू

आमच्या ऑफिसात जुन्या फायली नष्ट करायचं खातं माझ्याकडे आहे. (खातं म्हणजे मी, एक कपाट आणि शिंका.) एवढ्या अनुभवावर घरच्या कॉम्प्युटरची साफसफाई आपण चुटकीसरशी करू, असं मला त्या रविवारी दुपारी वाटलं. वाटायला काय जातं!

झालं असं की, बायको एका कंपनीसाठी लहान मुलांची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागली होती. पहिलंच पुस्तक, शेवटचं प्रकरण. ते संध्याकाळपर्यंत पाठवलं आणि कंपनीला आवडलं, तर पुढचे दहा भाग तिचे. नाही तर दुसरी एक बाई टपून बसलेलीच होती. आणि नेमकी तेव्हाच कॉम्प्युटरने मान टाकली. सी ड्राइव्हमध्ये जागाच नाही म्हणे.

"तू तोवर सराव कर, जागा मी करून देतो," मी म्हणालो. (आवाज घुमू नये म्हणून ती कपड्यांच्या कपाटात बसून वाचते.)

"अहो, माहीत नसेल त्याला हात लावू नका हं."

"अगं, माहीत नसलेल्या गोष्टी काढून टाकण्याचाच पगार घेतो मी!"

आता आमच्या ऑफिसची एक पद्धत आहे. अनोळखी फाइल एकदम फाडायची नाही. ती कपाटातून काढून जिन्याखाली ठेवायची आणि कोण ओरडतंय ते बघायचं. महिनाभर कोणी ओरडलं नाही तर ती बेवारस. तेच मी सी ड्राइव्हला लावलं. अनोळखी फोल्डर दिसला की त्याच्या नावाआधी 'बघू' लिहायचं, म्हणजे ज्याला तो लागतो त्याला सापडणार नाही, आणि कान टवकारून बसायचं.

पहिल्या 'बघू'ला आतून सासरे ओरडले. "जावईबापू, प्रिंटर मेला!" ते मोबाइलवरून शब्दकोडं छापत होते. मी नाव पहिल्यासारखं केलं, प्रिंटर जिवंत! दुसऱ्याला मुलगी ओरडली, मला बाजूला सारून खेळायला बसली तर तिचा बुद्धिबळाचा गेम उघडेना. तिसरा एका जुन्या स्कॅनरचा होता. तो स्कॅनर केव्हाच भंगारात गेला होता, त्यामुळे ओरडायला कोणी उरलंच नव्हतं. मी तो फोल्डर उडवला आणि खुर्चीत ताठ बसलो. पण जागा झाली बोटभर.

मग दिसला तो अगडबंब 'झेडझेड'. आत फायलीच फायली आणि नावं म्हणून नुसते आकडे. 'बघू' लिहिलं. सासरे गप्प, मुलगी गप्प. महिनाभर थांबायला वेळ नव्हता, म्हणून पाच मिनिटं थांबलो. (सुट्ट्या वजा जाता आमच्या ऑफिसचा महिना तेवढाच भरतो.) तरी म्हटलं बायकोला विचारावं. कपाटाचं दार किलकिलं करून खुणेने विचारलं, काढू का? तिने हात झटकला. (चालते व्हा, असं तिला म्हणायचं होतं.) मी फोल्डर काढला आणि कचरापेटीही रिकामी केली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही.

बायको बाहेर आली, जागा बघितली आणि चक्क म्हणाली, "अहो, जमलं की तुम्हाला!" मी हवेत तरंगलो. फार वेळ नाही.

"माझा झेडझेड कुठंय?"

"तो... कोणाचाच नव्हता ना?"

"तुमचा होता!"

"माझा?"

"तुमचे आवाज होते त्यात! चहाचे भुरके, चपला फरफटणं, खाकरणं, घोरणं. किती दिवस लपूनछपून गोळा केले होते! रेकॉर्डिंगमधून तुम्हाला पुसायचं तर सॉफ्टवेअरला आधी तुमचे नमुने ऐकवावे लागतात."

मला भरूनच आलं. आजवर माझा आवाज इतक्या निगुतीने कोणी जपला नव्हता. पण तिचे ओठ थरथरायला लागले होते. "गेले माझे दहा भाग," ती म्हणाली.

मग काय, सगळे आवाज नव्याने काढायचे ठरले. मुलगी माइक घेऊन बसली, सासरे खुर्ची ओढून पुढे आले.

"बाबा, हा खोटा भुरका आहे. नेहमीसारखा घ्या ना!"

"जावईबापू, चपला फरफटताना सोमवार आठवा."

खाकरणं पहिल्या फटक्यात जमलं. घोरणं मात्र काही केल्या येईना. एरवी बसल्या बसल्या डुलकी काढणारा मी, तिघांच्या नजरेखाली टक्क जागा!

"राहू दे ते," बायको म्हणाली. "आता फक्त जागे राहा." आणि ती कपाटात शिरली.

दोन भावंडं अंधाऱ्या गुहेत शिरतात आणि कोपऱ्यात अस्वल झोपलेलं असतं, असं ते प्रकरण. काय सुंदर वाचत होती हो! सोफ्यावर पडून ऐकता ऐकता माझी सगळी काळजी मिटली, अंग सैल झालं. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली ती तोंडावर उशी आदळल्यामुळे. गुहेचा प्रसंग संपेपर्यंत मी घोरत होतो आणि ते सगळं रेकॉर्ड झालं होतं. पुसायला नमुना नाही, पुन्हा वाचायला वेळ नाही. तिने डोळे टिपत तसंच पाठवून दिलं. मला वाढलं सासऱ्यांनी.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेल आला. बायको किंचाळलीच. दहाही भाग तिचे! तिने मुलीला गरागरा फिरवलं, सासऱ्यांना मिठी मारली आणि मग, हो, मलाही.

"गुहेतलं अस्वल त्यांना फार आवडलंय. पुढच्या भागांतही हवंय म्हणे!"

मी कॉलर ताठ केली. "आणखी काय म्हणतायत अस्वलाबद्दल?"

"एक सूचना आहे." ती हसू दाबत म्हणाली. "कुठलाही जिवंत प्राणी असा घोरत नाही, तेव्हा पुढच्या वेळी जरा खरं वाटेल असं बघा."