मेश्राम काका आणि चपलांच्या जोड्या

आमच्या महाल भागातल्या गल्लीत सकाळी फुलं चोरणारे पुष्कळ. कळ्या चोरणारे एकटे मेश्राम काका. त्याही मोगऱ्याच्या नाहीत! आमच्या गच्चीवर कुंडीत कांद्याला गोंडा आला होता, त्यातल्या बंद कळ्या ते चिमट्यानं वेचत होते. मी हटकलं तर माझ्यावरच डाफरले.

"चूप गा! मायोसिस चालू आहे आतमध्ये, गुणसूत्रांची अर्धी-अर्धी वाटणी! फूल उमललं का खेळ खतम!"

काका तीस वर्षं एका कॉलेजात लॅब असिस्टंट होते. रिटायर झाल्यावर भंगारातून मायक्रोस्कोप आणला आणि चहाला येणाऱ्या प्रत्येकाला त्यात डोकवायला लावू लागले. "पहिले पाहून घे, मंग बोल!" मला जांभळे ठिपकेच दिसायचे. "दिसलं, दिसलं" म्हणून मी पोहे संपवायचो. लग्नात आशीर्वाद देतानाही नवरानवरीला सांगायचे, "अर्धं तुह्यं, अर्धं तिचं. आतापासून भांडू नका."

मग आम्हाला मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, डाऊन सिंड्रोम आहे. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. घरी भेटायला बायका जमल्या. विमलआत्या माझ्या बायकोला, वैशालीला म्हणाली, "ग्रहणात विळीवर बसली असशील वं, आठव." वैशाली भिंतीकडे तोंड करून निजली. पोरीला जवळ घेईना. मी बायकोची बाजू घ्यायला हवी होती. खोटं कशाला बोलू, माझ्याही ओठावर तोच प्रश्न होता.

तेवढ्यात दारातून काकांचा आवाज आला, "विमलबाई, बाहेर या!"

त्यांनी उंबऱ्याबाहेरच्या चपला दोन ढिगांत वाटून ठेवल्या होत्या. एक पाय इकडे, एक तिकडे.

"आईच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या, या चपलांसारख्या. जोडीतली एक तिच्या आईकडची, एक बापाकडची. दोघी आधी चिकटतात, तुकडे अदलाबदल करतात, मंग वेगळ्या होतात. बीजात प्रत्येक जोडीतली एकच जाते. बापाचंबी तसंच. म्हणून तर सख्ख्या बहिणी सारख्या नसतात. पण एखादी जोडी सुटतच नाही. दोन्ही एकाच बाजूले जातात." त्यांनी आत्याच्या दोन्ही चपला एका ढिगात टाकल्या. "आता सांगा, यांना विळीनं ढकललं का?"

आत्यानं आपल्या दोन्ही चपला उचलून पायात घातल्या. बाकीच्या बायका बराच वेळ आपापली दुसरी चप्पल शोधत होत्या. आत मात्र वैशालीनं कूस बदलली होती.

सगळ्या गेल्यावर काका पायरीवर टेकले. मी म्हटलं, "काका, तुमचे उपकार कसे फेडू?"

ते चष्मा पुसत राहिले. "माह्या पोरालेबी हेच होतं गा. बारा वर्षं जगला. रोज कॉलेजच्या पोरांच्या स्लाइडा लावून देत होतो मी, सगळं तोंडपाठ. रिपोर्ट आला तवा घरी जाऊन बायकोले, सुमनले पहिलं काय विचारलं माहीत आहे? 'ग्रहणात काय कापलं होतं?'"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"मंग माफी मागितली, लय समजावलं. ती मान हलवे. पण मरेपर्यंत कोणत्याच ग्रहणात घराबाहेर नाही पडली." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "माह्यापाशी काहून बसून राहिला? जाय, वैशालीजवळ जाय."

मी आत गेलो. वैशालीनं पोरीला छातीशी घेतलं होतं.