पंधरा दिवसांतून एकदा

हेडक्लार्कांनी रात्रभर विचार करून काढलेलं परिपत्रक सकाळी फ्रिजवर चिकटलं होतं आणि त्यांची बायको ते मोठ्याने वाचत होती.

"'कलम एक. पळण्यासाठी यापुढे एकच टी-शर्ट. कलम दोन. सदर शर्ट पंधरा दिवसांतून एकदाच धुण्यात येईल.' अहो, हे काय?"

"पर्यावरण!" हेडक्लार्क म्हणाले. "अर्धा तास पळायचं आणि त्यापायी रोज मशीनभर पाणी घालवायचं, हे मनाला पटत नाही. बाकीचे चार शर्ट देऊन टाकलेत मी."

हेडक्लार्कांनी तीस वर्षांत शेकडो परिपत्रकं काढली होती, पण पाळायची वेळ कायम दुसऱ्यांवर आली होती. त्यामुळे पाचव्या दिवशी ते पहाटेच शर्ट घेऊन चोरपावलांनी मशीनपाशी गेले, तर बायको दारात उभी.

"कलम दोन."

"अगं, पण परिस्थिती जरा अपवादात्मक..."

"दुरुस्तीला पंधरा दिवसांची आगाऊ सूचना लागते. कलम चार. सही तुमचीच आहे."

दहाव्या दिवशी शर्टाची बाल्कनीत बदली झाली. अकराव्या दिवशी शेजारीण नाकाला पदर लावून विचारून गेली, "तुमच्याकडे उंदीर वगैरे मेलाय का हो?" धुण्याचा दिवस सोमवारी येत होता आणि शर्यत होती रविवारी.

ही पाच किलोमीटरची शर्यत म्हणजे हेडक्लार्कांचं जुनं दुखणं. त्यांचा मेहुणा, दातांचा डॉक्टर, तीन वर्षं त्यांना हरवत होता. तेही कसं, तर शर्यतभर त्यांच्या पाठीला चिकटून पळायचं, समोरचा वारा त्यांना अडवू द्यायचा आणि शेवटच्या पन्नास पावलांत पुढे सटकायचं. मग वर्षभर प्रत्येक जेवणात तोच विषय. हे हेडक्लार्कांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

रविवारी मेहुणा हसतहसत मागे येऊन उभा राहिला. "दाजी, नेहमीसारखा वारा तुम्ही अडवा. बाकी मी बघतो."

शिट्टी झाली. समोरून वारा होता. शंभरेक पावलांवर मागून घुसमटलेला आवाज आला, "दाजी, काय आहे हे?"

"पर्यावरण!" हेडक्लार्क ओरडले आणि पळत राहिले.

मेहुणा दहा पावलं मागे पडला, मग वीस. एकदा श्वास रोखून त्याने पुढे जायचा प्रयत्न केला, पण पळता माणूस श्वास रोखणार तरी किती? अर्ध्या अंतरावर सगळे परत फिरले आणि वारा पाठीमागून आला. आता पुढचे लोक वळून बघायला लागले आणि पटापट बाजूला झाले. हेडक्लार्क मोकळ्या रस्त्याच्या मधोमध, मंत्र्याच्या गाडीसारखे निघाले.

ते तिसरे आले! मेहुण्यापेक्षा चार मिनिटं आधी! पदक घेताना हेडक्लार्कांचे डोळे भरून आले. पदक घालणाऱ्या पाहुण्यांचेही भरून आले, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. आवाज एकदम मऊ होता.

"दाजी, ताईला सांगू नका. पण शर्ट तुमच्या पातळीला यायला साधारण किती दिवस लागतात?"

हेडक्लार्कांनी खुर्चीत ऐसपैस पाय लांब केले. तीन वर्षांत प्रथमच मेहुणा त्यांना काहीतरी विचारत होता.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "मेहनत लागते."