एकशे सत्तर अपात्र क्वेसार

धुळ्यातल्या आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकपदी बढती मिळण्यासाठी विश्वात काहीतरी नवीन सापडणे आवश्यक असते. माझी मुलाखत सोमवारी होती, म्हणून मला गुरुवारीच सापडले.

क्वेसार म्हणजे अतिदूरच्या झगझगीत आकाशस्थ वस्तू. त्या जितक्या दूर, तितका त्यांचा प्रकाश तांबड्याकडे सरकलेला. याला ताम्रसृती म्हणतात. वर्णपटातल्या दोन रेषा ओळखल्या की ती मोजता येते. मी चारशे बारा क्वेसारांची मोजली आणि आलेखात एके ठिकाणी एकही क्वेसार आढळला नाही. तिथे विश्वाला पोकळी आहे, असे मी नम्रपणे जाहीर केले. नम्रपणाचा उल्लेख बातमीत दोनदा होता.

शनिवारी माझ्या व्याख्यानात तिसऱ्या वर्षाची मिसबाह उभी राहिली.

"सर, ज्यांची एकच रेष दिसली, त्यांचं काय केलं?"

"वगळले. एकशे सत्तर. ओळख पटत नाही."

"पण त्या अंतरावर दुसरी रेष आपल्या यंत्राच्या पट्ट्याबाहेरच जाते ना, सर? म्हणजे तिथले तुम्हीच काढून टाकले. आमचे अब्बा रावेरला केळीच्या पॅकिंगला आहेत. वाकडी फणी बॉक्समध्ये बसत नाही, बाजूला काढतात. दिल्लीत बॉक्स उघडणारा म्हणतो, रावेरला वाकडी केळी पिकतच नाहीत."

सभागृह हसले. पोरीचे बरोबर होते. पण माझी बढती अकरा वर्षे अडकली होती.

मी बोलत राहिलो. शेवटी उरलेल्या नऊ जणांना अभिप्राय-फॉर्म वाटले. नववा शिपाई जीवराम, कुलूप लावायला थांबलेला.

"सर, माले तं काहीच समजनं नही."

"तसा रकाना नाही, जीवरामभाऊ."

"मंग अत्युत्तम लिखी टाकस."

रविवारी मी हरकतींची नियमावली केली: ज्या क्वेसाराविषयी हरकत, त्याची ताम्रसृती नमूद करणे बंधनकारक. मिसबाहच्या हरकतीच्या अर्जात तो रकाना रिकामाच राहणार होता; अर्ज अपूर्ण म्हणून परत गेला.

सोमवारच्या समितीतले तिघेही अशाच पोकळ्या शोधून बढती मिळवलेले. ज्यांना मिळाली नाही, ते समितीत नसतातच. वैध हरकती शून्य, अभिप्राय शंभर टक्के अत्युत्तम. मी प्राध्यापक झालो.

"अभिनंदन, सर," मिसबाह म्हणाली. "आता त्या एकशे सत्तरांना मोजू या?"

मला लाज वाटली. "बघू," म्हणालो.

ती लाज जाईना, म्हणून हा कबुलीजबाब लिहिला. इथवर पोहोचलेल्या प्रत्येक वाचकाला तो आवडला, अशी नोंद मी केली आहे. दुसऱ्या परिच्छेदातच जे कंटाळून उठून गेले, त्यांना 'का गेलात?' असे विचारायला तुम्ही तरी कुठे गेलात?