घटनाआप्पाची ग्रामसभा

आमच्या शेजारचा हिरामण आप्पा कुत्र्याला मारायच्या आधी त्याला बाजू मांडायची संधी देतो. कुत्र्याने दुधाचं पातेलं उलटं केलं तर आप्पा काठी घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "सांग, तुन्हं काय म्हननं शे?" कुत्रं शेपूट हलवतं. तेवढ्यात आप्पाचा राग जातो आणि कुत्रं सुटतं. आमच्या गल्लीतली सगळी कुत्री गुन्हा करायला आप्पाच्याच घरी जातात.

गाव त्याला घटनाआप्पा म्हणतं. पूर्वी तो शहाद्याच्या बसस्थानकावर कंट्रोलर होता. कोणती गाडी कुठे लागली ते माइकवरून सांगायचा. आवाज असा, की धडगावला जाणारा माणूस लघवीला बसलेला असला तरी उठून धावायचा. निवृत्त झाला, मग त्याची बायको कौसाबाई वारली, आणि त्यानंतर त्याने राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक आणलं. आता तो गाड्यांऐवजी कलमं पुकारतो. आवाज तोच आहे.

माझी कोंबडी त्याच्या मेथीत गेली की तो ओट्यावरून ओरडतो, "आक्का, फिराना हक्क नागरिकले शे! कलम एकोनीस! कोंबडी नागरिक नही!"

मी म्हणते, "मंग तुन्ही बकरी मतदान करस का? ती मन्हा अंगनमा कशी येस?"

यावर तो पुस्तक उघडतो. बकरीचं त्यात काही सापडत नाही. तोवर बकरीने माझा कढीपत्ता खाल्लेला असतो.

सुनेला त्याने सांगून ठेवलंय की सरकारचे तीन भाग असतात आणि एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये. हे त्याला नेमकं ताट धुवायच्या वेळी आठवतं. सून हुशार आहे. तिने एके दिवशी त्याचं उष्टं ताट त्याच्यासमोरच ठेवलं आणि म्हणाली, "आप्पा, हाई ताट तुमना विभागमा शे, मी नाक खुपसाव नही. तुम्हीच उचला नि तुम्हीच धुवा." आप्पाने ताट धुतलं. वर म्हणाला, "निकाल मान्य शे."

कोणी काहीही सांगितलं, पोराचं लग्न, म्हशीचं दूध आटलं, जावयाने दुसरी गाडी घेतली, त्याचा प्रश्न ठरलेला: "घटना काय सांगस?" मी एकदा म्हटलं, घटना सांगते की पाणी भरायच्या वेळी बायांना अडवू नये. तो विचारात पडला. खरंच असेल असं त्याला वाटलं.

मी चौथी शिकले. मला त्या पुस्तकाचं फारसं कौतुक नाही. पण यंदा त्या पुस्तकाने आमच्या गावात एक काम केलं. ते मी डोळ्याने पाहिलं, म्हणून लिहिते.

आमच्या गावची सरपंचाची जागा बाईसाठी राखीव झाली. रेखा निवडून आली. पुढच्या गल्लीतल्या प्रल्हादची बायको. दहावी शिकलेली, कामाला खमकी. निवडून आली आणि घरी भाकरी करायला बसली. ग्रामपंचायतीत खुर्चीवर प्रल्हाद बसायचा. शिक्का त्याच्या शर्टाच्या खिशात. सही लागली की शिपाई कागद घेऊन रेखाच्या चुलीपाशी जायचा, ती पिठाचे हात पुसून सही करायची. गावात कोणाला याचं काही वाटत नव्हतं. मलाही नव्हतं.

आप्पाला वाटलं. तो रोज माझ्या ओट्यावर येऊन चिडायचा. "गावनी निवडी कोनले? रेखाले. मंग बठस कोन? प्रल्हाद. आक्का, येत्या ग्रामसभामा रेखा खुर्चीवर बठाले पाहिजे. नही बठनी ते हाई पुस्तक मी तापीमा टाकी देसू."

मी म्हटलं, "टाक. मासा वाचतीन."

आता ग्रामसभा म्हणजे काय, तर आमच्याकडे शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो. आम्ही सही करतो, म्हाताऱ्या अंगठा देतात, आणि सभा भरली असं लिहितात. यंदाही तो आला. कापूस फुटायला लागला होता, मी वेचणीची झोळी शिवत बसले होते.

"आक्का, सही कर. ग्रामसभानी शे."

"कव्हय शे सभा?"

"व्हई गयी."

"कोठे?"

त्याने रजिस्टर दाखवलं. "आठे."

मी सुई खाली ठेवली. म्हटलं, "एवढुशा रजिस्टरमा अख्खं गाव बठनं? जाय, सभा भराव, मंग सही." मी सही केली नाही म्हणून शेजारणीने केली नाही. तिने नाही केली म्हणून गल्लीने नाही केली. पुढच्या गल्लीतल्या बायांना कारणही माहीत नव्हतं, पण त्यांनीही नाही केली. शिपाई कोरं रजिस्टर घेऊन परत गेला. झक मारून सभा खरी घ्यावी लागली.

सभेच्या दिवशी सकाळी आप्पाने मारुतीच्या देवळातला माइक हातात घेतला. इतक्या वर्षांनी माइक हातात आला आणि त्याचा तोल गेला. साऱ्या गावाने ऐकलं:

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. ग्रामसभा थोड्याच वेळात चावडीसमोर लागत आहे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये!"

मग बारीक आवाजात, "प्रवासी नही. नागरिक. नागरिकांनी लक्ष द्यावे."

गाव पोट धरून हसलं. आणि हसत हसतच चावडीकडे निघालं, कारण आता हा माणूस पुढे काय करतो ते पाहायचं होतं. नुसतं ग्रामसभा म्हणाला असता तर चिटपाखरू आलं नसतं. बाया इतक्या आल्या की सतरंज्या कमी पडल्या.

प्रल्हाद नेहमीसारखा खुर्चीवर बसला. रेखा बायांमध्ये खाली, डोक्यावर पदर. ग्रामसेवक वाचायला लागणार तोच आप्पा उठला.

"प्रल्हाद, हाई खुर्ची कोनी शे?"

"घरनीच शे, आप्पा," प्रल्हाद हसून म्हणाला. "मी बठनू काय नि ती बठनी काय."

"घटनामा सरपंच लिखेल शे. सरपंचना नवरा कोठेच लिखेल नही. दाखाड माले."

लोक हसले. प्रल्हादचं तोंड लाल झालं. तो म्हणाला, "आप्पा, कौसाजिजी सरपंच व्हती तवय खुर्चीवर कोन बठे? सांग ना गावले!"

हसणं थांबलं. गोष्ट खरी होती. मागे एकदा अशीच जागा राखीव झाली तेव्हा कौसाबाई पूर्ण पाच वर्षं सरपंच होती आणि सभेच्या दिवशी आप्पा शहाद्याहून रजा टाकून खुर्चीवर बसायला यायचा. गावाला सगळं आठवत होतं. तोंडावर कोणी बोललं नव्हतं इतकंच. मला वाटलं, झालं, बसला खाली.

आप्पा बसला नाही. त्याने पुस्तकही उघडलं नाही.

"मी बठे," तो म्हणाला. "मीच बठे. आते माले कौसाले 'बठ' म्हनता येत नही. तुले म्हनता येस, भो. तुन्ही बायको समोर शे. म्हन."

प्रल्हाद पाय हलवत राहिला. तेवढ्यात बायांमधून रेखा उठली. चप्पल नव्हती, तशीच चालत पुढे गेली.

"त्यास्नी म्हनानी गरज नही," ती म्हणाली. "माले लोकेस्नी सांगेल शे. उठा."

प्रल्हाद उठला. उठल्यावर, देव जाणे काय सुचलं, त्याने रुमालाने खुर्ची पुसून दिली. मग बायांनी जो गलका केला! शिट्टी वाजली, आणि ती माझ्या शेजारणीने वाजवली, जी नवऱ्यासमोर खोकतसुद्धा नाही. रेखा खुर्चीवर बसली, हात पुढे केला, आणि प्रल्हादने खिशातून शिक्का काढून त्या हातावर ठेवला. "चाला, पहिला विषय वाचा," ती ग्रामसेवकाला म्हणाली.

आप्पा मागे येऊन माझ्याजवळ सतरंजीच्या काठावर बसला. जिंकलेला माणूस, पण मिशीला पीळ वगैरे काही नाही. पुढे गटारीचा विषय चालला होता. त्याने हळूच विचारलं, "आक्का, कौसाले काय करनं व्हतं गावमा? तुले सांगे का ती?"

"सांगे. रोज नळवर सांगे."

"काय?"

"बस थांबावर बायास्नी मुतारी. दार नि कडी लायेल. शहाद्यानी गाडी कधी येईन भरोसा नही, बाया केळीना वावरमा जायेत. तू यष्टीना मानूस, पन तुले सांगाले तिले लाज वाटे."

"माले नही सांगं कधी."

"तू इचारं का?"

गटार संपली. रेखाने विचारलं, आणखी कोणाचा विषय? आप्पा उठला. त्याचा तो स्टँडवरचा आवाज निघालाच नाही. पुढच्या रांगेला मान वळवून ऐकावं लागलं. त्याने मुतारी सांगितली, दार सांगितलं, कडी सांगितली.

ग्रामसेवकाने पेन उचललं. "सूचक?"

"कौसाबाई हिरामण."

"आप्पा," ग्रामसेवक म्हणाला, "हयात माणूस लागतो."

आप्पा उभाच. कोणी हसलं नाही. मग मीच गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझं नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. "अनुमोदक?"

आप्पाने हात वर केला. मागोमाग बायांचे हात वर गेले, मग पुरुषांचे, शेवटी प्रल्हादचाही. रेखाने "मंजूर" म्हटलं आणि शिक्का उठवला. सगळ्यांचे हात खाली आले. सभा रस्त्याच्या दिव्यांवर गेली.

मी म्हटलं, "आप्पा, हात खाले कर. मंजूर व्हई गयं."

"ऱ्हाऊ दे जराखा," तो म्हणाला.