ओटमार ड्रेवेसची निळी शाई

एका शनिवारी सकाळी ओटमार ड्रेवेसने शाई बदलायचं ठरवलं. बायको नाही, नोकरी नाही, नुसती शाई. (बाकीचे दोन विचार त्याच्या मनात कधी आलेच नव्हते असं नाही, पण धीर शाईपुरताच होता.)

ग्राउबाखच्या नगरपालिकेत मात्र शाई ही साधी गोष्ट नाही. हिरवी शाई महापौरांची, लाल उपमहापौरांची, आणि उरलेल्या रयतेने निळी किंवा काळी वापरावी. फायलीवर सही कुणाची हे कुणी वाचत नाही. रंग हीच सही. माणसं चंद्रावर जाऊन आली, पण आमच्या नगरपालिकेत अजून दौतीचा रंग राज्य करतो! उद्यान खात्यात उभी हयात घालवलेल्या ओटमारला निळ्याचा वीट आला होता, आणि हिरव्याची छाती नव्हती. त्याला मधलं काहीतरी हवं होतं.

"मधलं म्हणजे?" दुकानदार तीडेमानबाईंनी विचारलं.

"म्हणजे निळीच, पण जरा खोल. संध्याकाळच्या तळ्यासारखी."

"त्याला गडद हिरवट-निळी म्हणतात."

"हिरवट नको!" ओटमार दचकला. "निळट म्हणा."

बाईंनी बाटली उघडली. पांढऱ्याशुभ्र कागदावर ओटमारने स्वतःचं नाव लिहिलं, वळवून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं, दाराबाहेर नेऊन पाहिलं. सोबत आलेली त्याची बायको हेडविग पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी होती.

"हेडविग, निळी आहे ना गं?"

"निळी आहे."

"नीट बघ. हिरवी नाही ना वाटत?"

"ओटमार, आपलं लग्नसुद्धा इतक्या चौकशीने झालं नव्हतं. घे ती बाटली!"

त्याने घेतली.

आता एक गोष्ट ना तीडेमानबाईंना ठाऊक होती, ना हेडविगला, आणि ओटमारला ठाऊक असूनही ऐन वेळी आठवली नाही. नगरपालिका काटकसर म्हणून रद्दीतून बनवलेला पिवळट कागद वापरते. आणि पिवळ्यावर निळं पडलं की काय होतं, ते बालवाडीतलं पोरही सांगेल.

सोमवारी त्याच्या टेबलावर पुलमान नावाच्या गृहस्थाचा अर्ज आला. गावाबाहेर नगरपालिकेने भाड्याने दिलेल्या बागांच्या वसाहतीत पुलमानची बाग ड्रेवेसांच्या बागेला लागूनच. मागणी अशी की वसाहतीतली सगळी झुडपांची कुंपणं नियमाप्रमाणे कमरेइतकी छाटावीत. सगळी म्हणजे हेडविगचं. बाकीच्यांची कमरेइतकीच होती. हेडविगचं कुंपण मात्र तिच्या डोक्यावरून गेलेलं, दाट, हिरवंगार. त्याच्या आडोशाला ती रविवारी टबात पाय सोडून प्लमचा केक खात बसायची. अख्ख्या आठवड्यात तिला कुणी बघत नसे अशी ती एकच जागा होती.

नाही म्हणावं तर पुलमान बोंबलणार. हो म्हणावं तर हेडविग. ओटमारने अनुभवी माणसासारखा विचार केला: आपण 'सहमत' लिहून फाईल वर सारू. केसलर साहेब महापौर झाल्यापासून वर गेलेली फाईल कधी खाली आलेली नाही. पुलमान खूश, कुंपण शाबूत. त्याने नवं पेन उघडून झोकदार अक्षरात 'सहमत' लिहिलं आणि शाई वाळायच्या आत फाईल मिटली. (ओली होती तोवर ती निळीच होती, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवू.)

गुरुवारी शेजारच्या टेबलावरच्या बेहरेन्सबाई ओरडल्या, "अहो ड्रेवेस! साहेबांनी हिरवा मारलाय! एक बाक दुरुस्त करायला दोन वर्षं लावणारा माणूस, आणि कुंपणावर तडक हुकूम! छाटणीवाले निघालेसुद्धा."

ओटमारने फाईल पाहिली. त्याचं 'सहमत' पालकाच्या भाजीसारखं हिरवंगार झालं होतं.

"बेहरेन्सबाई, हे थांबवता येईल?"

"हिरवा? साहेबांशिवाय कुणाच्या बापाला थांबत नाही. का हो, काही चूक आहे?"

चूक आहे म्हणावं तर महापौरांचा रंग चोरल्याचा ठपका. ओटमारने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं, आणि विचारलं, "कॉफी घेणार?"

संध्याकाळी हेडविग बागेतून परतली ती थेट स्वयंपाकघरात, कोट न काढता.

"पुलमान मला हात करत होता," ती म्हणाली. "बसल्या जागेवरून. त्याला माझे गुडघे दिसत होते, ओटमार!"

"अरेरे."

"महापौराला जाब विचारणार आहे मी. उद्या. आणि तू बरोबर येणार आहेस."

महापौर केसलर साहेब प्रसन्न होते. कुंपणाच्या हुकुमावरून स्थानिक वर्तमानपत्राने त्यांना 'तडफदार' म्हटलं होतं. (पत्रकारांनीही थोडी लाज बाळगावी.)

"माझं कुंपण छाटायचा हुकूम कुणी दिला?" हेडविगने उभ्यानेच विचारलं.

"मी," साहेब म्हणाले. "रात्ररात्र विचार करून."

ओटमारच्या आत काहीतरी ताठ झालं. कदाचित कणा असावा. असल्याचा त्याला पत्ता नव्हता.

"साहेब, ते मी लिहिलं. माझी शाई. हुकूम माझा होता."

मग साहेब हसू लागले. "बघा बाई, वरिष्ठावर बालंट येऊ नये म्हणून स्वतःच्या डोक्यावर घेतोय. अशी माणसं आता मिळत नाहीत."

आणि हेडविग, जी भांडायला आली होती, तीही पदराने पुसावं तसे रुमालाने डोळे पुसत हसू लागली. "साहेब, हा घरात खिडकी उघडायची तरी मला विचारतो. हा कसला हुकूम देतोय!"

परतताना भर चौकात ओटमारचा संयम सुटला. "हेडविग, ऐक! देवाशपथ सांगतो, तुझं कुंपण मी छाटलं! मी!"

"हळू," हेडविग त्याच्या कोटाची कॉलर सारखी करत मायेने म्हणाली. "लोक ऐकतील. उगाच तेही हसतील."